१०९८ आणि त्यानंतर घरी येणारी माणसं: साडेतीन स्टार

पोराचं नाव टाकत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार टाकताच येत नाही. पोराकडं माणसं पाठवणाऱ्या संस्थेचंही नाही, त्यांनीच नको म्हणलं, त्यावरनं गल्लीतले लोक पोरगं ओळखतील म्हणून.

माझं झेरॉक्सचं दुकान. नऊ-दहा वर्षाचं एक पोरगं रोज शटर पाडायच्या वेळेला पायरीवर येऊन बसायचं. बाप दारूत, आई कुठं गेली कुणाला माहीत नाही, हातावर डाग, विचारलं की पडलो म्हणायचं. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि आख्खी गल्ली वडापाव देऊन मोकळी व्हायची, मी धरून. चार महिने. शेवटी बायको म्हणाली तुम्ही फोन करताय का मी करू, तेव्हा १०९८, म्हणजे लहान पोरांसाठीची हेल्पलाईन, लावला.

फोन फुकट, चोवीस तास चालू. पलीकडच्या बाईंनी पहिलं हेच विचारलं की पोरगं आत्ता कुठं आहे, मारहाणीची भीती आहे का. माझं नाव नंतर, तेही गुप्त ठेवतो म्हणाल्या. मला वाटलेलं सायरन वाजवत गाडी येणार नि उद्या बाप दुकानावर दगड टाकणार, पण आले दोघं, साध्या कपड्यात. त्यातल्या ताईंनी डागांचा विषयच काढला नाही. पायरीवर बसून भडंग खात अर्धा तास नुसतं, तू पाटाकडीलचा का शिवाजीचा, म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉल टीमांपैकी कुणाचा. पोरगं फुटबॉलवर सुटलं ते थांबेना.

चोवीस तासात बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतंय, पोरानं कुठं राहायचं ते हीच समिती ठरवते, तसं नेलं. मला वाटायचं आता थेट अनाथाश्रम. तसं नसतंय, आधी घरातलं कोण सांभाळणारं आहे का बघतात, अनाथाश्रम सगळ्यात शेवटी. आजी सापडली, आता तिच्याकडं असतोय. सरकारच्या बालसंगोपन योजनेतनं महिना २२५० रुपये आहेत, पण कागदं गोळा करताना आजीच्या चपला झिजल्या, एका बँकेनं तर नुसत्या खात्यासाठी तीन हेलपाटे घालायला लावले.

खरी सर्व्हिस इथनं पुढं. संस्थेचा एक जण दर रविवारी आजीकडं जातो. शाळेत काही झालं की बाईंशी बोलणं, समितीपुढं तारीख असली की पोराशेजारी बसणं, एरवी नुसतं क्रिकेट. पगार नाही, गाडीचं पेट्रोल पण खिशातलं.

आता स्टार कुठं कापले. रविवारी जाणारी पहिली ताई कॉलेजची, पुण्याला नोकरी लागली, गेली, तिची काय चूक. पण नवीन दादानं आल्या आल्या सगळं पहिल्यापासून विचारलं, डाग कशाचे, बाप काय करायचा. पोरगं म्हणालं, ‘ताईला सांगितलंय की.’ आणि महिनाभर गप्प. फाईल वाचून यायला काय झालं होतं ओ? याचा एक स्टार. अर्धा त्या कार्यकर्त्यासाठी जो वाढदिवसाला केक घेऊन आला नि स्टेटसला टाकायला मोबाईल काढला. आजीनं पदर आडवा धरला म्हणून फोटो निघाला नाही. संस्थेनं नंतर घरी येऊन माफी मागितली, तेही सांगायला पाहिजे.

माणसं कमी पडतात म्हणाले, म्हणून मी पण नाव दिलंय. आधी पोलीस व्हेरिफिकेशन, मग ट्रेनिंग, तोवर पोराला भेटायचं नाही म्हणाले. झेरॉक्स माझ्याच दुकानात काढून फॉर्म दिला.