जिप्सीला बाहेरचा हेडर बसवायचाय? आधी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांना गाठा

गाडी जिप्सी किंग, २०१२ ची, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं इंजिन. कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेंसरकडे नेणारा भाग) तडकला म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा ४-२-१ हेडर (चार पाईपांचे दोन आणि दोनाचा एक होतो तो) मागवला, विकणारा म्हणाला डायरेक्ट बसतो, काही कापाकापी लागत नाही. गावातल्या एका गॅरेजात बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गार इंजिनवर फट् फट् आवाज, पेट्रोल जास्त प्यायला लागली, चौथ्या दिवशी चेक इंजिनची लाइट लागली. लय जीव जळला.

मित्रानं एमआयडीसीतल्या या दुकानात नेलं. पत्र्याचं शेड, एक जुना लेथ, आर्गन वेल्डिंगचं मशीन, बाहेर बोर्ड पण नाही. मामांनी गाडीला पाना लावायच्या आधी अर्धा तास नुसतं बघितलं. मग सांगितलं की बिडाच्या मॅनिफोल्डचे कान जाड असतात, त्या मापाचे कंपनीचे स्टड (इंजिनातून बाहेर आलेले आट्यांचे दांडे) आहेत आणि तुमच्या हेडरचा फ्लँज (इंजिनाला टेकणारी पट्टी) पातळ, त्यामुळं नट स्टडचे आटे संपेपर्यंत जातो आणि तिथंच अडकतो, हाताला घट्ट लागला असं वाटतं पण फ्लँज दाबलाच जात नाही. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओ टू सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. एवढं सोपं करून आजपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं एकच म्हणणं, "कंपनीच्या पार्टला हात शेवटी लावायचा बाळा, आधी नव्याला सुतात आणायचं." म्हणून स्टड बदललेच नाहीत, लेथवर एका मापाच्या जाड कॉलर काढल्या आणि नटाखाली घातल्या. उद्या बिडाचा मॅनिफोल्ड मिळाला तर तेच स्टड, तेच नट, परत बसेल. फ्लँज सरफेस प्लेटवर (एकदम सपाट पाट) ठेवला तर मधे फट मोजायची ०.४० मिलिमीटरची पत्ती आरामात आत जात होती, वेल्डिंगच्या गरमीनं वाकलेला, तो ग्राइंडिंगला लावून सपाट केला आणि पॅकिंग नवीन टाकलं.

सेन्सरचं भोक हेडरला खालच्या अंगाला दिलेलं होतं, तिथं पाईपातलं पाणी साठून सेन्सरमधली सिरॅमिक तडकू शकते. ते बुजवलं आणि वरच्या बाजूला तिरका १८ बाय १.५ आट्याचा नवा बुश वेल्ड केला, वायर न कापता कंपनीचीच पुरेल अशा जागी.

आता डिपस्टिकची नळी, जी हेडरच्या एका पाईपाला घासत होती. आधीच्या गॅरेजात ती हातोडीनं ठोकून बाजूला सारलेली, पार चपटी. मामांनी स्वतःकडची जुनी नळी घेतली, बारीक वाळू तव्यावर भाजून कोरडी केली (ओल राहिली तर तापवताना वाफ होऊन उडते म्हणे), नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या आणि गॅसवर लाल करून हळूहळू वाकवली. कुठं सुरकुती नाही. इंजिनमधलं ऑइल तेवढंच ठेवून, गाडी सपाट जागी, आधीची खूण आणि नंतरची खूण जुळवून बघितली. एकदम बरोबर, तेव्हाच नळी पक्की केली. एवढी काळजी आपल्या गाडीची दुसरा माणूस घेतो हे बघून खरंच भरून आलं.

हीट शील्ड काही बसली नाही, नवीन पत्र्याची करून दिली. मागचा कॅट (धूर साफ करणारा डबा) आणि सायलेंसर कंपनीचाच आहे, पीयूसी पास झाली.

तक्रार पण सांगतो. दोन दिवस म्हणाले आणि नऊ दिवस लागले, दुपारी फोन उचलत नाहीत, पक्कं बिल मिळत नाही. घाई असेल तर जाऊ नका. खर्च सगळा मिळून ४,२०० आला, हेडर सोडून.

यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आलो, फट् फट् गेलं, लाइट परत लागली नाही. ५०० किलोमीटरनंतर मामांनी स्वतः फोन करून बोलावलं, इंजिन गार असताना नट परत कसले, दोन नटांनी पाव पाव आटा घेतला. त्याचे पैसे घेतले नाहीत. सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा निवांत बोलतात.