मार्शरुत्का: कॉकेशसचं वडाप, एका रिटायर्ड कंडक्टरने तपासलेलं

एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. गाडीत पाय टाकला की मोजणी आपोआप सुरू होते: सीटा किती, डोकी किती, उभे किती. गेल्या सप्टेंबरात मुलीबरोबर पाठीवर सॅक टाकून तीन आठवडे जॉर्जिया आणि आर्मेनिया फिरलो. त्यात अकरा मार्शरुत्कांतून प्रवास झाला. देवळं, डोंगर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गाड्यांवर लिहितो.

मार्शरुत्का हा रशियन शब्द. ठरलेल्या मार्गावर धावणारी टॅक्सी, एवढाच अर्थ. आपल्याकडे वडाप म्हटलं की विषय संपतो. भरली की सुटते, हात केला की थांबते. जॉर्जियात ती बहुतेक फोर्ड ट्रान्झिट नाहीतर मर्सिडीज स्प्रिंटर असते, युरोपातून सेकंडहँड आलेली. एका गाडीच्या अंगावर अजून कुणा जर्मन नळवाल्याचं नाव होतं, फोन नंबरासकट. पाचपैकी चार तारे देतो. कापलेल्या ताऱ्याचा हिशेब पुढे येईल.

मुलीचा मूळ बेत तीन देशांचा होता. पण अझरबैजानच्या जमिनीवरच्या सीमा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या आम्ही गेलो तेव्हाही बंदच होत्या. आर्मेनियाची तुर्कस्तानकडची सीमा तर १९९३ पासून बंद. नकाशावर हे देश हाताच्या पंजाएवढ्या जागेत दिसतात, पण निम्म्या वाटांना कुलूप आहे. म्हणून दोनच.

पहिली गाडी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिथल्या दिदुबेहून. दिदुबे मेट्रोतून बाहेर आलं की बाजार, बाजारातच गाड्या, आणि गाड्यांमधून वाट काढत ओरडणारी माणसं. बस स्टँड म्हणावं असं काही नाही, पण मला पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटलं. एका टॅक्सीवाल्याने मुलीला छातीठोकपणे सांगितलं की कझबेगीची (म्हणजे स्तेपांत्समिंदाची, कझबेगी हे त्या गावाचं जुनं नाव) मार्शरुत्का आज नाही. त्याच्या पाठीमागेच ती उभी होती. काचेवरची पाटी जॉर्जियन लिपीत होती. तेहतीस अक्षरं, सगळी गोल गोल, मला एकही वाचता येईना. मुलीने मोबाइलवर गावाचं नाव काढून दिलं आणि मी अक्षराला अक्षर लावून बघत बसलो. इतकी वर्षं म्हाताऱ्या बायका पाटीखाली उभ्या राहून मला विचारायच्या, "मास्तर, ही गाडी कुठली?" आता मी त्यांच्या जागी होतो.

नऊला बसलो, गाडी दहाला दहा कमी असताना सुटली. वेळापत्रक विचारू नका. शेवटची सीट भरली की ड्रायव्हर सिगारेट विझवतो, तीच डबल बेल.

हा जॉर्जियन मिलिटरी हायवे. वाटेत अनानुरीचा किल्ला लागतो, खाली झिनवालीच्या धरणाचं निळं पाणी, मग गुदाउरी, मग सुमारे २,४०० मीटर उंचीची ज्वारी खिंड. खिंडीत रशियाच्या सीमेकडे निघालेल्या ट्रकांची रांग होती आणि आमच्या ड्रायव्हरने ती वळणावरसुद्धा ओव्हरटेक केली. तारा इथे कापला. असं करणाऱ्या ड्रायव्हरशी मी दिवसभर बोललो नसतो. रस्त्याकडेला चर्च दिसलं की अर्धी गाडी छातीवर तीनदा क्रूस काढते. ड्रायव्हरही काढतो, आणि तेवढा वेळ स्टिअरिंगवर एकच हात असतो. चर्च या देशात फार आहेत.

क्वेशेती ते कोबी असा नवा रस्ता होतोय, त्यात सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा आहे. तो सुरू झाला की गाड्या खिंड टाळतील. जिवाला बरं, डोळ्याला नुकसान. तीन तासांनी स्तेपांत्समिंदाला उतरलो तेव्हा समोर २,१७० मीटरवर गेर्गेतीचं चर्च आणि त्यामागे बर्फाचा कझबेक. मुलगी फोटो काढत होती. मी ड्रायव्हरकडे बघत होतो, कारण आता मला पैसे द्यायचे होते आणि तिकीट कुणी फाडलंच नव्हतं.

हे मला शेवटपर्यंत पचलं नाही. तिकीट नाही, पंच नाही, वेबिल नाही. चढताना कुणी काही विचारत नाही. उतरताना ड्रायव्हरच्या हातावर पैसे ठेवायचे, मी १५ लारी (जॉर्जियाचं चलन) ठेवले. मागचे लोक नोटा पुढे सरकवतात, चार हातांतून त्या ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे त्याच चार हातांतून परत येतात. वाटेत उतरणारा "गामिचेरेत" म्हणतो, म्हणजे "माझ्यासाठी थांबवा". तो शब्द पाठ करा, घंटीची दोरी शोधू नका. पण कुणी दिले आणि कुणी नाही, हे ड्रायव्हरला कळतं कसं? मुलीला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रिटायर झालात."

झुगदीदी ते मेस्तिया हा स्वानेतीचा रस्ता जॉर्जियातला सगळ्यात देखणा. एंगुरीचं २७१ मीटर उंचीचं कमानी धरण वाटेवर दिसतं. पण शेवटच्या रांगेत बसू नका. माझं डोकं टपाला तीनदा लागलं. सॅक मागच्या दारातून आत कोंबतात, वरच्याची खाली जाते, खालच्याची चेपते. केळी ठेवली असतील तर विसरा.

तिबिलिसी ते आर्मेनियाची राजधानी येरेवान मात्र शहाण्यासारखी सेवा. सीमेवर सादाख्लोला सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, पायी पासपोर्ट तपासून घ्यायचा, पलीकडे बाग्राताशेनला तीच गाडी उभी असते. आमचे ई-व्हिसाचे कागद बघायला जरा वेळ लागला. बाकीचे प्रवासी झाडाखाली सूर्यफुलाच्या बिया सोलत थांबले, कुणी कपाळाला आठी घातली नाही. मोजून चौदा जण. ड्रायव्हरने आम्ही चढेपर्यंत इंजिनसुद्धा चालू केलं नाही.

पुढे देबेद नदीची घळ. आम्ही येरेवानपर्यंत न जाता अलावेर्दीला उतरलो, कारण वर सानाहीन गावात मिग विमानं घडवणाऱ्या आर्तेम मिकोयानचा जन्म झाला. तिथे आर्तेम आणि त्याचा भाऊ अनास्तास यांचं संग्रहालय आहे आणि बाहेर एक मिग-२१ ठेवलंय. नाशिकजवळ ओझरला हीच विमानं बनायची. त्या मार्गावर ड्यूटी असताना मी ती कानात बोटं घालून पाहिलीत. इथं एक म्हातारा त्याच्या पंखाच्या सावलीत डुलकी काढत होता.

आर्मेनियातल्या जुन्या गाड्या रशियन गॅझेल. सीएनजीवर चालतात, काहींच्या टपावर टाक्या असतात. गॅस भरायचा असला की सगळ्यांना खाली उतरवतात आणि लांब उभं करतात. नियम म्हणजे नियम. आजीबाईही पिशव्या घेऊन उतरल्या. इथे मी मनातल्या मनात अर्धा तारा परत दिला, मग सीटची उघडी स्प्रिंग टोचली आणि काढून घेतला.

अशाच एका गॅझेलमधून वानाद्झोरहून ग्युम्रीला निघालो. वाटेत स्पिताक लागतं. ७ डिसेंबर १९८८ चा भूकंप इथलाच, किमान पंचवीस हजार माणसं गेली. गाव पुन्हा उभं राहिलंय. गाडीतलं कुणी काही बोललं नाही, ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. मुद्दाम की सिग्नल गेला म्हणून, ते कळलं नाही.

मी पुढच्या सीटवर होतो, त्यामुळे ग्युम्री जवळ आल्यावर सगळे पैसे माझ्याच हातातून गेले. नोटा घेतल्या, सुट्टे मागे दिले, आणि हिशेब न ठेवणं मला जमत नाही. डोकी चौदा, भाडी तेरा. मागे खिडकीला डोकं टेकून एक पोरगा झोपला होता, कानात इअरफोन. त्याचे आले नव्हते. मुलीला हळूच सांगितलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बसा.

स्टँडवर गाडी थांबली. एकेक जण उतरत गेला, ड्रायव्हर मान वर न करता नोटा एकसारख्या लावत होता. पोरगा शेवटून दुसरा. दारात त्याचा पाय पडला तसा ड्रायव्हरने, नोटांवरची नजर न हलवता, फक्त उजवा तळहात मागे पसरला. पोरगा हसला आणि खिशात हात घातला.

आम्ही बसल्यापासून ड्रायव्हरने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. मी लक्ष ठेवून होतो.