टाकीच्या पाण्यासाठी कोणता डिस्प्ले घ्यावा?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती चढलं ते खाली मोटरच्या बटणाशेजारी दिसावं आणि बॅटरी महिनोन्‌महिने टिकावी, एवढंच मला हवं होतं. त्यापायी ओएलईडी, ई-पेपर (ई-बुक रीडरवर असतो तसला कागदासारखा पडदा) आणि मेमरी एलसीडी असे तिन्ही डिस्प्ले घरी वापरून झाले.

ओएलईडीचे ठिपके स्वतःच उजळतात, म्हणून तो अंधारात सुरेख दिसतो, पण सतत पेटता ठेवला की बॅटरी पटकन उतरते. शिवाय ‘टाकी’ हा शब्द जिथे कायम असायचा, तिथले ठिपके काही महिन्यांत मंद पडले. बटण दाबल्यावर क्षणभर आकडा दाखवायचा असेल, तर मात्र तो पुरेसा आहे.

माझी भिस्त ई-पेपरवर होती. एकदा उमटलेलं चित्र टिकवायला त्याला वीज लागतच नाही; बॅटरी काढली तरी आकडा जागच्या जागी. खरी अडचण आकडा बदलताना येते. आतले काळे-पांढरे कण सरकेपर्यंत पडदा दोन-तीन सेकंद लुकलुकत राहतो. पहाटे पाणी भरताना आई बटणावर हात ठेवून उभी असायची, आणि नेमकी टाकी भरत आली की आकडा गायब. “अरे, बिघडलं का हे?” असं ती रोज विचारायची. मग फक्त आकड्यापुरता भाग बदलून पाहिला. लुकलुक थांबली, पण ६८ चे ६९ झाले तरी ९ च्या खाली ८ ची करडी सावली उरायची. चष्म्याशिवाय तिला ते वाचता येईना. तिथेच माझं मन फिरलं.

मेमरी एलसीडीत प्रत्येक ठिपका आपली स्थिती स्वतःच लक्षात ठेवतो. माझा २.७ इंची आहे, ४०० × २४० ठिपक्यांचा. चित्र स्थिर असताना त्याला सुमारे ५० मायक्रोवॅट लागतात. म्हणजे वीज लागतेच, पण टाकीवरून आकडा बिनतारी आणणारा रेडिओ इतकी बॅटरी खातो की पडद्याचा वाटा जाणवत नाही. आकडा कधी बदलला तेही कळत नाही. २०१३ च्या पेबल या स्मार्टवॉचमध्ये याच प्रकारचा पडदा होता. तेव्हा त्याला ई-पेपर म्हणून खपवलं, त्यामुळे नावांचा गोंधळ अजून होतो. तो महाग आहे, मोठ्या आकारात सहज मिळत नाही आणि अंधारात दिवा लावावा लागतो. तुमची गरज वेगळी असू शकेल, पण दर मिनिटाला बदलणाऱ्या आकड्यासाठी मी पुन्हा हाच घेईन.

ई-पेपर आता देवघराशेजारी तिथी आणि सूर्योदयाची वेळ दाखवतो. मध्यरात्री एकदाच बदलतो, तेव्हा कोणी जागं नसतं.