लीजवरील कंटेनरांचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली : एक अभिप्राय

न्हावा शेवा बंदरातून निर्यातीचा माल पाठवणाऱ्या आमच्या कंपनीकडे स्वतःचे कंटेनर थोडे आणि लीजवर घेतलेले बरेच आहेत. त्यांच्या व्यवस्थापनासाठी घेतलेली ही प्रणाली मी रोज वापरतो. लीजचे भाडे दिवसागणिक चढते, आणि कंटेनर रिकामा होऊन यार्डात पडून असला तरी ठरलेल्या डेपोत परत करून ऑफ-हायरची, म्हणजे भाडे बंद झाल्याची, नोंद होईपर्यंत ते थांबत नाही. म्हणूनच करारानुसार कोणत्या शहरात, महिन्याला किती कंटेनर परत करता येतील आणि तिथे ड्रॉप-ऑफ शुल्क किती पडेल, हे बुकिंग घेतानाच दाखवणारी सोय मला सर्वांत मोलाची वाटते. केवळ तिच्यासाठीही ही प्रणाली घेण्यासारखी आहे.

चार अक्षरे आणि सात अंकांचा कंटेनर क्रमांक चुकीचा टंकला गेल्यास आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून काढलेल्या शेवटच्या तपासणी अंकावरून चूक बहुधा लगेच पकडली जाते. सीएससी पाटीवरील (कंटेनर सुरक्षित असल्याच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या पाटीवरील) तपासणीची मुदत, म्हणजे पहिली उत्पादनापासून ५ वर्षांच्या आत आणि पुढे जास्तीत जास्त ३० महिन्यांनी, जवळ आल्याची सूचनाही वेळेवर मिळते.

दुरुस्तीचा विभाग मात्र अपुरा आहे. परतीच्या सर्वेक्षणात आढळलेले नुकसान आणि नेहमीच्या वापरातील झीज यांचा खर्च वेगळा काढावा लागतो, कारण झिजेचा भार सहसा लीज देणाऱ्या कंपनीवर असतो. ही प्रणाली दोन्ही रकमा एकत्रच दाखवते, त्यामुळे बिल तपासण्यासाठी अनुभवी माणूस लागतोच.