सायकलवर कोकण किनारा, पाच दिवस: पैसे वसूल झाले का?

गेल्या डिसेंबरमध्ये पुण्यातल्याच एका ग्रुपबरोबर पुणे ते रत्नागिरी राईड केली, पाच दिवस, साधारण साडेतीनशे किलोमीटर, पहिला दिवस ताम्हिणी घाट आणि पुढचे चार दिवस जमेल तितकं समुद्राच्या कडेने. तेव्हापासून रविवारी खडकवासल्याला भेटणारे, बिल्डिंगमधले, ऑफिसमधले सगळे विचारतायत की कशी झाली, आम्ही जाऊ का, एवढे पैसे कशाला घेतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. ग्रुपचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे, आणि तसंही कुठल्याही ग्रुपबरोबर जाताना हेच सगळं विचारून घ्यायला पाहिजे असं माझं मत झालंय.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोण लिहितंय ते कळेल. वय ४६, चार वर्षं सायकल चालवतेय, सायकल हायब्रिड आहे, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली, सपाटीला १८-२० चा स्पीड आणि चढाला ६-७. म्हणजे कुठल्याही ग्रुपमध्ये मी शेवटच्या चार-पाच जणांत असते. पुढे जाणाऱ्यांमध्ये बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला संपवायच्या राईड, करणारे लोक होते, २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत संपवणारे, त्यांना ही राईड कशी वाटली ते त्यांना विचारा. मी शेवटून लिहितेय आणि मला वाटतं सपोर्टेड राईडची, म्हणजे जिथे टेम्पो, मेकॅनिक बरोबर असतात तिची, खरी परीक्षा शेवटच्या माणसावरच होते, पुढच्यांना तसाही कोणाचा सपोर्ट लागत नाही.

फी १३,५०० रुपये. त्यात चार रात्रींचा होमस्टे, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, सामानाचा टेम्पो, मेकॅनिक असलेली एक गाडी, फेरीबोटीची तिकिटं आणि रत्नागिरीहून पुण्याला परत यायची बस. आम्ही बावीस जण होतो, त्यात सहा बायका.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला चांदणी चौक. भूगाव, पिरंगुटचा घाट, पौड, मग मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणी. थंडी इतकी होती की मुळशीपर्यंत बोटं ब्रेकवर वळत नव्हती. इथे त्यांनी एक काम केलं ज्याला मी दहापैकी दहा देईन. घाट उतरायला लागायच्या आधी सगळ्यांना थांबवलं आणि मेकॅनिक काकांनी एकेक सायकल हातात घेऊन ब्रेक बघितले, दोघांचे पॅड घासून संपत आले होते ते तिथेच रस्त्याच्या कडेला बदलले. मग सांगितलं की ब्रेक दाबून धरून उतरायचं नाही, दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, रिम ब्रेकवाल्यांनी तर नक्कीच, कारण सतत दाबून धरला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. आणि वळणाच्या आधी स्पीड कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. हे मला चार वर्षांत कोणी असं उभं राहून सांगितलं नव्हतं. विळ्यापर्यंत बावीसच्या बावीस नीट उतरले, पुढे निजामपूरवरून माणगाव मुक्काम, शंभरेक किलोमीटर झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सागरी रस्ता म्हणजे सपाट, हे डोक्यातून काढून टाका. मी पण तेच समजून गेले होते. कोकणात सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याशा अंतरात समुद्राला मिळतात त्यामुळे जरा पुढे गेलं की खाडी, आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा उंच सडा, म्हणजे खडकाळ पठार. रस्ता काय करतो तर खाडीला समुद्राच्या पातळीला उतरतो, पूल किंवा जेटी, आणि पलीकडे परत सरळ सड्यावर चढतो, वर गवत, कातळ आणि भणभण वारा, मग परत उतार, माडाची बनं, गाव, परत चढ. एकेक चढ फार मोठा नसतो, दोन-तीन किलोमीटरचा असेल, पण तीव्र असतो आणि दिवसात असे सात-आठ येतात. सिंहगड एकदा चढला की संपतो, इथे संपतच नाही. ग्रुपने आम्हाला रोजचे किलोमीटर पाठवले होते, रोजचा चढ किती मीटर ते पाठवलं नव्हतं, ही माझी पहिली तक्रार. तिसऱ्या दिवशी ६० किलोमीटर लिहिलंय म्हणून लोक आरामात उठले आणि भर दुपारी चढावर सापडले. डिसेंबर असला तरी कोकणात दुपारचं ऊन आणि दमटपणा आपल्या पुण्यासारखा नसतो, घाम वाळतच नाही. पाणी नुसतं पिऊन भागत नाही, मीठ-साखर पाहिजेच, मी दिवसाला ओआरएसची दोन पाकिटं आणि मिळेल तिथे कोकम सरबत घेत होते.

दुसरा दिवस मात्र आयुष्यभर लक्षात राहील. म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला सावित्रीची खाडी. सायकल घेऊन बोटीवर चढायचं, गाड्या, मोटरसायकली, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सगळे एकत्र, आणि पलीकडे वेश्वीला उतरलो की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा. एक आजी माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या, मग विचारलं, "पुण्यावरनं ह्या सायकलीवर? घरचे काय म्हणाले?" मी म्हटलं घरच्यांनीच फी भरलीये. त्यांनी पदराच्या गाठीतनं दोन आवळे काढून दिले. केळशीच्या पुढे आडे-पाडल्याचा रस्ता आहे तो अक्षरशः समुद्राला चिकटून जातो, संध्याकाळी चार-साडेचारला तिथे होतो, उजव्या हाताला लाटा, डावीकडे डोंगर, गाड्या जवळजवळ नाहीतच. मी तिथे दोनदा नुसतीच थांबले. पुढे आंजर्ले, खाडीवरचा पूल, हर्णे, समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि मुरुडला मुक्काम. हे महर्षी कर्व्यांचं मुरुड, दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नाही, दोन मुरुडांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो.

जेवणाबद्दल शब्द कमी पडतील. मुरुडच्या काकूंनी रात्री तांदळाची भाकरी, सुरमई, सोलकढी आणि आम्हा शाकाहारी लोकांना कुळथाचं पिठलं आणि वालाची उसळ, आणि सकाळी निघताना मऊभात-मेतकूट-तूप. सायकल चालवायच्या आधी यापेक्षा चांगला नाश्ता मी खाल्लेला नाही, पोटाला हलका आणि तीन तास भूक नाही. गुहागरला घावणे आणि नारळाचा रस. रस्त्यात ग्रुपने केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर दर पंचवीसेक किलोमीटरला ठेवलं होतं, आणि शेवटच्यांसाठी शिल्लक ठेवलं होतं! हे मुद्दाम लिहितेय, कारण आधी एका राईडला आम्ही पोचेपर्यंत नुसती सालं उरलेली बघितली आहेत.

बायकांसाठी एक गोष्ट. ते थांबे टपरीवर नव्हते, प्रत्येक थांबा ओळखीच्या घरी किंवा खानावळीत होता जिथे स्वच्छ बाथरूम आहे, आणि हे त्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं असायचं की उद्या अमुक ठिकाणी सोय आहे. आम्ही बायका अशा राईडला जायचं टाळतो किंवा पाणी कमी पितो आणि मग त्रास होतो, त्याचं निम्मं कारण हेच असतं. ज्याने कोणी हे प्लॅन केलं त्याला मनापासून धन्यवाद.

आता दुसरी तक्रार, मोठी. तिसरा दिवस, मुरुड ते गुहागर, मधे दाभोळची फेरी. बुरोंडीला परशुरामाचा पुतळा आहे, तो मागे टाकून कोळथऱ्याच्या पुढच्या चढावर आमच्याबरोबरच्या एका काकांची चेन तुटली. काका ६१ वर्षांचे, बँकेतनं रिटायर झालेले, चढाला माझ्यापेक्षाही हळू पण एकदाही टेम्पोत न बसलेले. माझ्याकडे पंक्चरचं सामान होतं, चेन टूल नव्हतं, चेनची लिंक नव्हती. फोन लावला तर रेंज नाही. थोडं वर चालत गेल्यावर रेंज मिळाली तेव्हा कळलं की मेकॅनिकची गाडी पुढच्या लोकांबरोबर बोटीतून वाशिष्ठीच्या पलीकडे गेलीये, टेम्पो पण गेलाय! म्हणजे खाडीच्या अलीकडे आम्ही पाच जण आणि सगळी मदत पलीकडे. बोट वेळेवर किंवा भरल्यावर सुटते, आपल्यासाठी थांबत नाही. एक तास दहा मिनिटं त्या उन्हात बसलो. शेवटी मासे घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्या दादाने आपणहून थांबून काकांना आणि त्यांच्या सायकलला दाभोळ जेटीपर्यंत सोडलं, एक पैसा घेतला नाही. काका तोपर्यंत एकदम गप्प झाले होते. त्यांना वाटत होतं की आपल्यामुळे सगळ्यांना उशीर झाला. मला त्या क्षणी जो राग आला तो आयोजकांचाच आला, कारण चेन कोणाचीही तुटते, पण शेवटच्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटायला लावणं ही चूक आहे.

धोपाव्याला उतरल्यावर परत चढ, अंजनवेलच्या बाजूने, जिथे तो एके काळी गाजलेला एन्रॉनचा वीज प्रकल्प आहे, आणि गुहागरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रात्री जेवणानंतर मी ग्रुपच्या लीडरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिशीतला मुलगा आहे. त्याने मधे एक शब्द बोलला नाही, सगळं ऐकलं, मग म्हणाला, "ताई, चूक आमची आहे, खाडी आली की ग्रुप दोन तुकड्यांत तुटतो हे आम्ही धरायलाच पाहिजे होतं." आणि काकांच्या खोलीत जाऊन त्यांची माफी मागितली.

चौथ्या दिवशी लगेच बदल दिसला. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला आलो, इथे शास्त्री नदीची खाडी आणि पलीकडे जयगड. पुढच्यांबरोबर टेम्पो गेला आणि लीडरच्या पाठीवर चेन टूल, लिंका, पंप अशी एक बॅग. मेकॅनिक काकांची गाडी मात्र अलीकडेच उभी, शेवटचा माणूस बोटीत चढेपर्यंत. शेवटची मी होते. मेकॅनिक काका स्टुलावर बसून चहा पीत होते, मला बघितल्यावर म्हणाले, "या ताई, निवांत या, बोट गेली तर दुसरी येईल." एवढं ऐकूनच पायातला निम्मा शीण गेला. तुम्ही कुठल्याही ग्रुपबरोबर या किनाऱ्याला जाणार असाल तर फी भरायच्या आधी हाच प्रश्न विचारा, की फेरीच्या वेळी मेकॅनिक कुठल्या बाजूला असतो.

जयगडहून मालगुंड, केशवसुतांचं गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे, दहा मिनिटंच थांबता आलं. गणपतीपुळ्याला मुक्काम आणि पाचव्या दिवशी फक्त पंचवीस-तीस किलोमीटर, आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. आरे-वारेचे फोटो सगळ्यांनी बघितलेत त्यामुळे लिहीत नाही.

सायकलचं थोडं, कारण सगळे विचारतात कोणती चालेल. माझ्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या आहेत, सगळ्यात लहान २६ दात्यांची, मागे सगळ्यात मोठी ३४ ची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पेडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण १.६ मीटर पुढे जाते. एका मुलाची भारी रोड बाईक होती, तिला पुढे ३४ आणि मागे २८, त्याला तोच एक फेरा अडीच मीटरचा पडत होता. तो माझ्यापेक्षा खूप फिट, पण चौथ्या दिवशी त्याचे गुडघे बोलायला लागले आणि मी हळूहळू का होईना चढत होते. तर सायकल किती महाग आहे ते बघू नका, हलका गिअर आहे का ते बघा, आणि टायर ३२ मिलिमीटर रुंदीच्या खाली नको, गावातल्या रस्त्यांवर जांभ्याची खडी असते. सराव पुण्यातच होतो, बोपदेव आणि कात्रजचा जुना बोगदा आलटून पालटून, पण एकदा चढून घरी येऊ नका, त्याच दिवशी तीन वेळा चढा.

परतीचं पॅकिंग मात्र आवडलं नाही. टेम्पोत सायकली एकमेकींना टेकवून दोरीने बांधल्या, मधे गोधडी नाही, पुठ्ठा नाही. माझ्या फ्रेमवर दोन मोठे ओरखडे आले, एकाचा मागचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा, वाकला. बाबा नारायण पेठेतनं दापोडीच्या एसटी वर्कशॉपला रोज सायकलने जायचे आणि रविवारी ती रॉकेलने पुसून काढायचे, त्यामुळे सायकलवर ओरखडा आला की मला लागतं. तुम्ही जाल तेव्हा दोन जुन्या चादरी स्वतःच्या न्या. आणि घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने सायकल धुवा, खाऱ्या हवेने पाच दिवसांत चेनवर गंज चढायला लागलेला असतो, नीट पुसून, वाळवून मग तेल.

माझ्याकडून पाचपैकी चार. फेब्रुवारीत ह्यांचीच पुढची राईड आहे, रत्नागिरी ते वेंगुर्ला. त्या टप्प्यात भाट्ये, पूर्णगड, जैतापूर सगळीकडे पूल आहेत त्यामुळे बोटीचा प्रश्न येत नाही. मी फोन करून रोजचा चढ किती मीटर ते विचारलं, त्यांनी संध्याकाळी पाचही दिवसांचे आकडे पाठवले. बँकेतल्या काकांना तो मेसेज पुढे पाठवला तर त्यांचं उत्तर आलं की मी कालच पैसे भरलेत, या वेळी चेन टूल माझं मी घेतलंय.