फायरफॉक्सचं ‘कॉन्ट्रास्ट कंट्रोल’: कमी दिसणाऱ्यांसाठी कामाचं, पण चिन्हं सांभाळा

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘कॉन्ट्रास्ट कंट्रोल’ आहे, वेबपानांचे रंग ठळक करून वाचणं सोपं करणारी सोय. पर्याय तीन: ऑटोमॅटिक, ऑफ आणि कस्टम. ऑटोमॅटिकवर फायरफॉक्स विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम उचलतो (ती थीम चालू करायला डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा). खरी मजा कस्टममध्ये. मजकूर, पार्श्वभूमी, न पाहिलेल्या आणि पाहिलेल्या लिंक असे चारही रंग तुम्ही ठरवायचे, सिस्टीमची थीम न बदलता. काळ्यावर शुद्ध पिवळा ठेवलात तर कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) साधारण 19.5:1 येतो, वेबवरच्या साध्या मजकुरासाठी किमान निकष 4.5:1 आहे. दोन्ही लिंकना एकच रंग देऊ नका, काय वाचून झालं ते कळणार नाही.

फोटोवर छापलेल्या मजकुरामागे फायरफॉक्स आपणहून पार्श्वभूमीच्या रंगाची पट्टी टाकतो, त्यामुळे शीर्षक फोटोत बुडत नाही. हे काम फारच छान.

गडबड होते ती सावल्या आणि चिन्हांत. बॉक्स-शॅडो, म्हणजे बटण किंवा चौकटीभोवतीची सावली, पूर्ण काढली जाते, म्हणून फक्त सावलीवर उभं असलेलं बटण सपाट होऊन हरवतं. बॅकग्राउंड-इमेज (मागे लावलेलं चित्र) म्हणून टाकलेलं शोधाचं काळं भिंग मात्र काळंच राहतं आणि काळ्या पानावर गायब! यात दोष बहुतेकदा साइटचा. साइट बनवणाऱ्याने बटणाला 1 पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर दिली तरी बटणापुरतं पुरे, या मोडमध्ये ती आपोआप रंग घेते. एखादा रंगीत आलेख वाचायचा असेल तर तेवढ्यापुरतं ‘ऑफ’ करा.