गॅरेजच्या जमिनीची नऊ हजारांची 'सर्व्हिस'

डिचोलीतल्या आमच्या गॅरेजच्या जमिनीला दोन वर्षांपूर्वी एपॉक्सीचं, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनचं चकचकीत कोटिंग करून घेतलं. काम उत्तम झालं, त्या माणसाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर आलेल्याची.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी शटर उघडलं तर जमिनीवर दंव पडल्यासारखे थेंब. शेजाऱ्यांकडे कामाला आलेला एक जण आत डोकावला आणि थेंबांवरून बोट फिरवून म्हणाला, "काका, खालून पाणी मारतंय. चवथीपर्यंत सगळं कोटिंग उठणार." चवथीला मुंबईहून भाऊ-वहिनी येणार होते. मी घाबरलो. वर्षभराच्या देखभालीचे 9,000 रुपये तिथल्या तिथे यूपीआयने दिले. पावती मागायचं सुचलंही नाही. एरवी नळवाल्याकडून मी वॉशरचाही हिशेब घेतो!

खालून ओल आली असती तर कोटिंगला फोड आले असते. ते थेंब हवेतले होते. पावसाळी दमट हवा थंड जमिनीला लागली की पाणी सुटतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. खात्री करायची तर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवावं. वरून ओलं आणि खालून कोरडं निघालं तर दोष हवेचा. मी हे ऑगस्टमध्ये केलं, पैसे गेल्यावर.

पहिल्या 'सर्व्हिस'ला त्याने बिनलेबलाच्या बाटलीतून काहीतरी ओतून तारेच्या ब्रशने घासलं. नाकाला झोंबणारा वास संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचाच. दाराजवळ कोटिंगचा एक टवका आधीच उडालेला होता, तिथल्या उघड्या सिमेंटवर फसफसून फेस आला. "मळ निघतोय बघा," म्हणाला. मळ कसला, अ‍ॅसिड सिमेंट खात होतं. पंधरा दिवसांत त्या टवक्याभोवती हातभर पापुद्रा सुटला. बाकी जमिनीची चकाकी गेली ती गेलीच.

त्यावर इलाजही त्याचाच: 'टॉप कोट', वेगळे 6,500. एकाच डब्यातून ओतून पोछ्याने फासला. दोन तासांत आरसा! मी खूश. मग एका दुपारी म्हापशाहून येऊन तापलेल्या टायरांची गाडी आत लावली. सकाळी बाहेर काढली तर टायरला पांढरट कातडं चिकटलेलं. जमीन नखाने खरवडली तर मेणबत्तीच्या ओघळासारख्या वळ्या निघाल्या. रंगाच्या दुकानदाराने त्या बोटांत चुरगाळून सांगितलं, हे फरशीचं पॉलिश आहे. एपॉक्सीचा कोट म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन डबे, मोजून मिसळायचे, आणि वर गाडी चढवायला साधारण आठवडाभर थांबायचं.

फोन केला तर उलट मलाच ऐकवलं, "काका, ओल आहे म्हणून मी आधीच सांगितलेलं. आता सगळं उखडून नवीन करूया, 48,000." त्यानंतर नंबर बंद.

खरी देखभाल इतकी साधी की तिचे पैसे घ्यायला लाज वाटावी. आमच्याकडची तांबडी धूळ टायरबरोबर आत येते आणि पॉलिशपेपरसारखी जमीन घासते, म्हणून दोन दिवसांआड मऊ झाडू. महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, नायलॉनचा ब्रश, मग साध्या पाण्याने धुऊन वायपर. साबण राहिला तर पाय सरकतो. तेल सांडलं की लगेच चिंधीने टिपायचं. स्कूटरच्या स्टँडखाली फळीचा तुकडा. पावसाळ्यात पायपुसणं उचलून वाळवायचं, नाहीतर खाली बुरशी धरते. अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबाचे क्लीनर जवळ आणू नका.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून यूपीआयच्या दोन नोंदी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते टायरचं कातडं. तो विसरून गेलेली बाटली मीच भंगारवाल्याला दिली होती.